राखणीचा आवाज

तिसगावच्या शिवारात जानेवारीत कदी आला तर तुमाला वाटंल, हितली समदी मानसं एकमेकांवर चिडल्यात. हिकडनं कुनी 'हाऽऽ हा हा' करतंय, तिकडनं कुनी डबा बडवतंय, वड्याच्या पल्याड एक बाई कुनाच्या तरी सात पिढ्यांचा उद्धार करतीय, आन रानात डोकवाल तर मानूस एक न्हाई. भोंगे हायेत ते. ज्वारी हुरड्यात आली की भोरड्यांचे थवे उतरतात, आन माचानावर हुबं राहून गोफन फिरवायला आता हाय कोन? मग बाजारातनं भोंगा आनायचा, त्याच्या मागं लाल बटन असतं, ते दाबून काय वरडायचं ते एकदा वरडायचं, बांबूला टांगायचा आन घरी जाऊन चहा प्यायचा. दिवसभर तुमचा आवाज तुमच्या रानात राबतो, तुमी न्हाई.

मी त्या भोंग्यांचा डाक्टर. नूरमहंमद नाव, स्टँडच्या कडंला पत्र्याची टपरी, मिक्सर-मोटारी दुरुस्त करतो, पन जीव रमतो भोंग्यात. घरात शेळीला बसायला जागा न्हाई इतके मेलेले भोंगे मी आनून ठेवलेत. एकाला मोटारसायकलची बॅटरी, एकाला सोलरची प्लेट, एकाला कपडे धुयाच्या मशीनचं टायमर, म्हंजी तो मदीच गप्प बसतो आन पाखरं इसरली की एकदम वरडतो. कारन पाखरू लई शानं. एकच आवाज चार-आठ दिवस ऐकवला की ते भोंग्यावरच येऊन बसतं आन वरनं हागतं.

दुसरा नाद नकलांचा. कुनाचा बी आवाज एकदा कानात गेला की गळ्यातनं निघतो. आप्पासाहेबांचा भोंगा दुरुस्तीला आला तवा मी त्यात त्यांच्या मालकिनीच्या आवाजात 'अवो, दूध उतू चाललंय' एवढंच भरून दिलं. गावचा एवढा मोठा मानूस, धोतर सावरत दोनदा घरी पळत गेला. तिसऱ्यांदा टपरीवर आला आन नुसता बघत हुबा राहिला. मी त्यांनाच त्यांच्या आवाजात म्हनलं, "नूरभाई, चहा सांगा." सांगावाच लागला त्यांना.

आन शुक्रवारी नमाज झाली की इन्शाला हालहवाल धाडायचा. इन्शा माजी धाकटी, पुन्याला कंप्युटरच्या कंपनीत. मला सहीपुरती अक्षरं येतात, म्हनून तिनंच मोबाईलमदी बोलून मेसेज धाडायचं शिकवलं. आदी कामाचं, मग घरचं, मग माज्या नव्या उद्योगाचं. ती म्हनायची, "अब्बा, मी ऑफिसात कानाला लावून ऐकते आणि सगळ्या बघत बसतात, ही एकटीच का हसतेय."

आमच्या बांधाला बांध सहादेवचा. आमी दोगं एकाच म्हशीच्या पाठीवर बसून वाढलो. त्याचा आवाज म्हंजी काय सांगू, बांधावरनं 'नुऱ्याऽऽ' म्हनला की बाजारातली मानसं माज्याकडं बघायची. त्याच आवाजाच्या मुळाशी गाठ निघाली. नगरला ऑपरेशन झालं, गाठ गेली, आवाज बी तिच्यासंगं गेला. डाक्टर म्हनला, येईल बी, न्हाई बी येनार. सहादेव घरी आला, कुनाकडं बघंना, जेवंना, नुसता रानात जाऊन बसायचा. कारन रानात त्याचा भोंगा हुता. गेल्या साली भरलेला, ऑपरेशनच्या आदीचा. त्याच्याखाली बसून तो सोताला ऐकायचा.

एक दिवशी त्याची मालकीन छबूबाई टपरीवर आली. भोंगा पदरात गुंडाळलेला, लेकरू आनावं तसा.

"नूरभाई," म्हनली, "मी धूळ पुसत हुते वो. लाल बटनावर बोट पडलं. आता ह्यातनं नुसता फडक्याचा खरखराट येतो."

मी भोंगा उघडला. काय नव्हतं त्यात. एकदा वर दुसरं भरलं की खालचं जातं, ते बेन्यापुरतं बी माघारी आनता येत न्हाई.

"ह्यांना ठावं न्हाई अजून," ती म्हनली. "दवाखान्याला गेलेत. दुपारी येतील आन सरळ रानात जातील. तुमी कायतरी करा. त्यो आवाज सापडला न्हाई तर ह्यो मानूस जगायचा न्हाई."

"चहा घ्या तोवर," मी म्हनलं. "सापडंल की. आत कुटंतरी अडकला आसंल."

टपरीचं दार वडून घेतलं, डोक्यावर पोतं घेतलं म्हंजी भाईर ऐकू जाऊ नये, आन लाल बटन दाबून सहादेव झालो. चार-पाच आरोळ्या, एक 'हाल्या', एक त्याची ठरलेली शिवी. भाईर येऊन वाजवलं. छबूबाईनं कप खाली ठेवला आन डोळ्याला पदर लावला. खरं सांगतो, नकलेवर कुनी रडल्याली ती माजी पयलीच येळ.

दुपारी सहादेव भोंग्याखाली बसला. मी बांधावरनं बगत हुतो. ऐकता ऐकता त्यानं माज्याकडं मान वळवली आन लई येळ बगितलं. मग हात वर केला. वळखलं का न्हाई, ते त्यालाच ठावं. संध्याकाळी म्हनं भाकरी मागून घेतली.

त्या साली शिवारातल्या समद्या भोंग्यांवर पाखरं बसली, माज्या सोलरवाल्यावर बी बसली. सहादेवच्या रानात एक भोरडी उतरंना. मी मनात म्हनलं, ह्याला टायमर न्हाई, काय न्हाई, पाखरं ह्याला सरावली कशी न्हाईत? आवाज रोज नवा आसंल तरच आसं हुतं. एकदा छबूबाई वाटंत भेटली, गालात हसत म्हनली, "सकाळी काय म्हनाले ठावं हाय का? 'छबे, कालवनाला मीठ घाल गं.' वरनं बांबूवरनं."

"कोन म्हनालं?"

"हे. भोंग्यातनं."

म्हतारीला वाटत आसंल, मी म्हनलं. पन मी मिठाचं काय भरलंच नव्हतं. मग एक दिवस बांधावर हुबं राहून ध्यान दिऊन ऐकलं. चार आरोळ्या झाल्या, हाल्या झालं, शिवी झाली, आन मग सहादेवचा आवाज बारीक हून म्हनला, "नुऱ्या, हुबा का? बस की."

मी बसलो.

त्याच हप्त्यात टपरीवर फोन आला. कानिफनाथ म्हनून कासारवाडीचा गिऱ्हाईक, मिक्सर झाला का इचारत हुता. "झालाय, घिऊन जा," म्हनलं. तर तो म्हनला, "अरं सहादेवतात्या! आवाज आला का तुमचा? बरं झालं बाबा." मी हसलो. नकला करून करून जीब वळली आसंल, हुईल सरळ. खाकरलो, गरम पानी प्यालो. शुक्रवारी इन्शाला मेसेज धाडला, कामाचं, घरचं, आन एका भोंग्यात कोल्ह्याचं केकाटनं भरलंय ते. संध्याकाळी तिचा बोललेला मेसेज आला.

"सहादेवकाका, तुमचा आवाज आला, किती छान वाटलं. पण अब्बांच्या फोनवरून तुम्ही का? अब्बा बरे आहेत ना?"

मी फोन लावला. म्हनलं, "बेटा, मीच हाय."

ती हसली. "अब्बा, तुम्ही पण ना. सहादेवकाकांची नक्कल पुरे आता."

बगा, नकल्या मानसाची गंमत आशी हाय. त्याला खरंच काय झालं तर लोक टाळ्या देतात. टपरीवर मी तोंड उघडलं की आप्पासाहेब पोट धरून हसायचे, "वा नूरभाई, हुबेहूब! आता तुमचा काढा." आन माजाच मला काढता येईना. पोतं डोक्यावर घेऊन बसायचो, एका रिकाम्या भोंग्याचं बटन दाबायचो, 'मी नूरमहंमद' म्हनायचो. ऐकलं की सहादेव म्हनायचा, मी नूरमहंमद. समद्या जगाचे आवाज ह्या गळ्यात हायेत, कंडक्टरचा हाय, पोलीसपाटलाचा हाय, शेळीचा हाय. माजा कसा हुता, तेच ध्यानात येईना. आपला आवाज कुनी पाठ करतो का?

घरात आमी आमच्या बोलीत बोलतो. पयल्यांदा इन्शाची अम्मी चिडली. "बस करो जी अब," म्हनली, "दुनिया कू हसाओ, मेरेसे तो अपनी आवाज में बोलो." मी म्हनलं, यहीच हय मेरी आवाज. तिनं लाटनं खाली ठेवलं आन परक्या मानसाकडं बगावं तसं माज्याकडं बगितलं. मग ती कमी बोलायला लागली. मग हळूहळू, कुटल्या दिवसापासनं ते मला बी सांगता यायचं न्हाई, माज्याशी मराठीत बोलायला लागली. मराठीत ती भाईरच्या मानसांशी बोलती. "जेवन झाकून ठेवलंय." "पानी घ्या." मी गप ऱ्हायला शिकलो. गप असलो की ती बरी आसायची, शेजारी बसून शेंगा बी फोडायची.

एक गोष्ट मला समजली हुती, भोंग्याचा डाक्टर हाय मी. एकावर एक भरलं की खालचं पुसतं. मी सहादेवला त्या भोंग्यात भरलं, का माज्यात भरलं, ते त्या लाल बटनालाच ठावं. मग बटन परत दाबायचं. त्यातला सहादेव पुसायचा, म्हंजी माजा मी वर येईन. आसं हुईलच आसं कुनी सांगितलं नव्हतं, पन दुसरी वाट बी नव्हती.

दुपारच्याला बांध वलांडला. ज्वारी डोक्याइतकी, मी आडूनच गेलो. बांबूखाली दोगं जेवायला बसली हुती. नगरच्या डाक्टरनं हप्त्याखाली सांगून टाकलं हुतं, आता आवाज यायचा न्हाई. मला वाटलं हुतं रडारड आसंल. तर भोंगा बोलत हुता, आरोळ्या न्हाई, आपलं साधंच, की औंदा कनसं भरल्यात, की हुरड्याला पोरीला बोलवू, आन छबूबाई भाकरी मोडत मोडत त्याला जबाब देत हुती, "व्हय की, तिला सुट्टी घावली पायजे ना." आन सहादेव खाली बसून, वरनं जो शब्द यील त्याच्यावर व्हट हलवत हुता. नुसतेच व्हट. जरा बी मागंपुढं न्हाई. त्याच्या तोंडाला तेल-चटनी लागली हुती, आन तो मानूस सुखात हुता.

मी कनसाआडनं हात पुढं केला. लाल बटन बोटापासनं वीतभर. सहादेवला मी दिसलो. त्यानं मला हटकलं न्हाई, भाकरी खाली ठिवली, व्हट हलवायचं थांबवलं आन वाट बगत बसला. वरचा आवाज बी थांबला. छबूबाई म्हनली, "का वो, गप का झालात?"

मी हात मागं घेतला. काय करनार? आवाजाशिवाय मी आपला टपरीवर बसून मिक्सर दुरुस्त करीन, हात हायेत की. तो काय करील? मागं वळलो तवा पाठीमागं पुन्हा सुरू झालं, "काय न्हाई गं, नुऱ्या आल्ता."

बांध वलांडून माज्या रानात आलो. लांबनं हसू ऐकू आलं. आमच्या बोरीखाली इन्शाची अम्मी बसली हुती, मांडीत बोरं, पदर खांद्यावर घसरलेला, मोकळी हसत हुती, कैक दिवसांनी. फांदीला माजा गेल्या सालचा जुना भोंगा टांगलेला. मी तो कोनाड्यात टाकून इसरलो हुतो, तिनं हुडकून, चार्जिंग करून आनला हुता. त्यातनं मी वरडत हुतो, "खा खा, तुमच्याच बापाचं हाय! हाऽऽ! अगे, चाय ला गे इन्शाकी अम्मी, पंछी भी थक गये!" अस्सा हुता व्हय माजा आवाज. जरा किनराच हुता. मला उगं वाटायचं भारदस्त हाय.

ती वर बगून आमच्या बोलीत म्हनली, "लाती जी, लाती. दम तो खाओ."

मी तिच्या मागं जाऊन हुबा राहिलो. लई दिवस गप हुतो, पन आता ऱ्हावंना. हळूच म्हनलं, "सुन तो जरा."

ती दचकली न्हाई. बोरं खाली ठेवली, उटली, आन डोईवर पदर घेतला. मग वळून तिनं माज्याकडं बगितलं. माज्या तोंडाकडं, माज्या डोळ्यांत, नीट.

"या, बसा सहादेवभाऊ," ती वर भोंग्याकडं हात करून मराठीत म्हनली. "हे हितंच हायेत."

आन पदर अजून जरा पुढं ओढला.