साखर सोडलेल्या घरची बरणी

मी साखरेची बरणी बोलतेय. अंग चिनी मातीचं, झाकण लाकडाचं. धड एकाचं नि डोकं दुसऱ्याचं, असं माझं रूप.

माझं मूळचं झाकण सात वर्षांच्या एका मुलीने फोडलं, स्टुलावर चढून साखर चोरताना. तिचे बाबा सुतार. रागावायचं सोडून त्यांनी मला शिसवीचं झाकण करून दिलं, तेही मुद्दाम घट्ट, उघडताना 'टक्क' वाजेल असं. "आता चोर आपणच वर्दी देईल," म्हणाले. तेव्हापासून लेकीचं नाव पडलं मुंगी.

लग्नानंतर मुंगी मला आपल्या घरी घेऊन आली. तिचे केस पिकू लागले, तरी चहात दोन चमचे ठरलेले. देवाचं सगळं मनापासून करायची. नवसही बोलायची, पण सोडायची ती कारलं. माझ्या वाटेला कधी गेली नाही.

मग बाबांना कॅन्सर झाला आणि ते लेकीकडे राहायला आले. स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत त्यांची खाट पडली. एक दिवस मुंगी दवाखान्यातून आली ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "आता औषध दुखणं कमी ठेवण्यापुरतंच. थोडे महिने आहेत. त्यांच्याजवळ बसा."

मुंगीने हात जोडले. "देवा, बाबा खडखडीत बरे होईपर्यंत मी साखरेला शिवणार नाही."

मी चरकलेच. अगं, कारलं चाललं असतं की!

शिवाय जवळ बसायचं सोडून ती दिवसभर डबे घासू लागली. त्या आठवड्यात मला चार आंघोळी झाल्या.

नवसाचा घरात कुणाला पत्ता नव्हता. पण सुताराचा कान तो! पाचव्या दिवशी खाटेवरून हाक आली, "मुंगे, झाकण एकदाच का वाजतं गं? माझ्या चहाला वाजतं, तुझ्या चहाला नाही."

"वजन वाढलंय माझं, बाबा."

"एवढी मोठी झालीस, खोटं बोलायला काही शिकली नाहीस. बरणी घेऊन ये इकडे."

मला पोटाशी धरून ती खाटेच्या कडेला टेकली. सगळं सांगावंच लागलं. बाबा एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

"साखरेचं खाणार त्याला देव देणार म्हणतात. तू त्या देवाचीच पंचाईत केलीस! अगं, मुदत तरी बघायचीस. मी काही बरा होत नाही. मग जन्मभर काढा पिणार का?"

मुंगीची बोटं माझ्या झाकणावर घट्ट झाली. "नवस मोडला, तर तुम्ही जाणार हे मीच कबूल केल्यासारखं होईल."

बाबांनी तिच्या बोटांवर आपला हात ठेवला. "तू नको करूस कबूल. मी केलंय, तेवढं पुरे. तू नुसती अट बदल. ज्या दिवशी मी तुला हसवीन, त्या दिवशी एक चमचा."

"असा नवस बदलता येतो का?"

"चाळीस वर्षं गिऱ्हाइकांना मापं बदलून दिली मी. देव काय त्यांच्यापेक्षा खवट आहे?"

मुंगी हसली आणि हसता हसता रडली. मग बाबांनीच माझं झाकण उघडलं. टक्क!

पुढचे चार महिने डबे घासायचे राहिले. मुंगी रोज खाटेपाशी बसायची. बाबा कधी डॉक्टरीणबाईंची नक्कल करायचे, कधी स्वतःच्याच टकलाला रंधा मारल्याचा आव आणायचे. ज्या दिवशी दुखणं फार व्हायचं, त्या दिवशी ते नुसती एक भुवई उडवायचे. तेवढ्यावरही मी वाजायचे.

बाबा गेले. तीन आठवडे मला कुणी हात लावला नाही. आज सकाळी कोनाडा पुसताना मुंगीला माझ्यामागे बाबांची पेन्सिल सापडली, कानावर ठेवायची ती. कधी ठेवली होती देव जाणे! तिने ती आपल्या कानावर खोचली, माझ्या चकचकीत पोटात स्वतःला पाहिलं आणि खुदकन हसली. मग चहाचं आधण ठेवून माझ्याकडे वळली.

टक्क.

बायांनो, आपल्या माणसासाठी काही सोडायचं असेल तर खुशाल सोडा, देव ऐकतोच. त्या माणसाच्या खाटेची कड तेवढी सोडू नका.