तबकातली सोनेरी डबी

जस्लाचे पाय सुजले तेव्हा सुहरानं पहिला दोष दिला नव्या चपलांना. मग दिला शेजारच्या लग्नातल्या बिर्याणीच्या मिठाला. पण एका सकाळी पोरीचे डोळे सुजून बारीक झाले आणि ती हळूच आईला म्हणाली, "उम्मा, लघवीला फेस येतोय. साबण कालवल्यासारखा." तेव्हा मात्र सुहराला दोष द्यायला काही उरलं नाही. लग्न महिन्यावर आलेलं, हॉल ठरलेला, पोरीचा बाप शारजाहून रजा काढून निघायच्या बेतात.

आता हे लग्न कसं जमलं ते आधी सांगायला हवं, नाहीतर सुहरा पुढं जी वागली त्यावरून लोक तिलाच नावं ठेवतील. जस्ला सावळी. नाकीडोळी नीटस, बीकॉम झालेली, हसरी, पण सावळी. आमच्या केरळात, तिरूरकडं, मुलगी बघायला बायका येतात, तांदळाची पत्तिरी खातात, मटणाची तारीफ करतात, आणि दोन दिवसांनी फोन येतो, "मुलगी चांगली आहे, पण." त्या 'पण'च्या पुढं कुणी बोलत नाही, आणि बोलायची गरजही नसते. असे दोन 'पण' ऐकल्यावर जस्ला आरशासमोर उभी राहायची बंद झाली. आईचा जीव हो, किती सोसणार?

मग सुहराची जाऊ शारजाहून आली आणि पिशवीतून डब्या काढल्या. पांढरी डबी, सोनेरी झाकण. नाव नाही, गाव नाही, आत काय आहे त्याचा पत्ता नाही. "तिकडं सगळ्या लावतात," जाऊ म्हणाली, "रात्री लावायची आणि गप झोपायचं." पोरीनं लावली. दोन महिन्यांत चेहरा असा उजळला की दूधवाल्यानं विचारलं, ही पाहुणी कोण. पुढच्या खेपेला तानूरच्या बिय्युम्मा आपल्या मुलासाठी बघायला आल्या, त्यांनी पोरीची हनुवटी वर केली आणि तिथंच हो म्हणाल्या. 'पण' नाही की काही नाही. सुहरानं स्वयंपाकघरात जाऊन पदरात तोंड खुपसून रडून घेतलं.

सोयरीक पक्की झाली की मुलीकडून मुलाच्या घरच्या बायकांसाठी तबक जातं. कापड, अत्तर, बांगड्या, मिठाई. तिकडच्या बायका ते मधोमध मांडून एकेक वस्तू उचलून बघतात, आणि त्यावरून आईची पारख होते. सुहरानं सगळं उत्तम भरलं आणि शेवटी वर एक सोनेरी झाकणाची डबी ठेवली, मुलाची धाकटी बहीण फिदा हिच्यासाठी. "कशी वापरायची ते विचार" अशी चिठ्ठीही सोबत; पोर स्वतः ती लावते हे मात्र लिहिलं नाही. आपल्याला लाभलं ते सोयऱ्यांनाही लाभावं, एवढंच तिच्या मनात. वाईट हेतू असता तर गोष्ट वेगळी.

तर पोरीला घेऊन ती मूत्रपिंडाच्या डॉक्टरकडं गेली. डॉक्टर लिस्सी, तरुण बाई, बोलायला मऊ; सुहराला 'इत्ता', म्हणजे ताई, म्हणायच्या. तपासण्या बघून म्हणाल्या, "लघवीतून प्रथिनं वाहून चाललीत. इत्ता, काही काढे, गोळ्या? तोंडाला काही क्रीम वगैरे?"

"क्रीम? छे," सुहरा म्हणाली. "आमची पोर जन्मापासून अशीच."

खोटं ती हौसेनं बोलली नाही. पलीकडं उभी असलेली नर्स तानूरची, बिय्युम्मांच्या गल्लीतली. इथं तोंडातून शब्द गेला की संध्याकाळच्या आत तिथं पोचणार, आणि लग्नाचे तीन तेरा वाजणार.

"मग सुई घालून मूत्रपिंडाचा तुकडा काढून बघावा लागेल," डॉक्टर म्हणाल्या.

जस्लानं आईकडं पाहिलं. आईनं जमिनीकडं. मग पोरच बोलली. "डॉक्टर, मी लावते. नाव नसलेली. सहा महिने झाले."

सुहराला वाटलं भूमी दुभंगावी. पण डॉक्टर रागावल्या नाहीत. त्यांनी फक्त चष्मा काढून डोळे पुसले. "या महिन्यातली तू चौथी. पारा असतो गं त्यात. कातडी उजळते आणि आत मूत्रपिंड गळायला लागतं. आधी रक्तातला पारा बघू, तुकड्याचं मग ठरवू. क्रीम आजपासून बंद. बहुतेक पोरी बऱ्या होतात, पण वेळ लागतो. लग्न जरा लांबवा." आणि मग त्यांनी विचारलं, "इत्ता, ही आणखी कुणाला दिली का?"

सुहराच्या डोळ्यांसमोर ते तबक आलं. 

घरी येताच तिनं उरलेल्या डब्या पिशवीत कोंबल्या आणि मागच्या कालव्याकडं निघाली. जस्ला सुजल्या पायांनी मागं धावली. "उम्मा, वेडी आहेस का? पारा कुजत नाही. कालव्यातले मासे तो खातील आणि ते मासे आपण. डॉक्टर म्हणाल्या ना, पिशवीत बांधून दवाखान्यात आणून द्या."

"मग फिदाचं काय करू?" सुहरा तिथंच पायरीवर बसली. "फोन करून सांगते, डबीची तारीख संपलीये म्हणून."

"म्हणजे ती ताजी मागवेल."

 पोरगी खरं बोलत होती. पण खरं सांगायचं तर सगळंच सांगावं लागणार. पोर सावळी आहे, पोर आजारी आहे, आणि तुमच्या घरात विष मीच धाडलं. यातलं एक जरी सांगितलं तरी लग्न मोडणार. न सांगावं तर परक्याच्या पोरीचं मूत्रपिंड. रात्रभर तिनं कूस बदलली. सकाळी बुरखा चढवला आणि रिक्षा केली.

बिय्युम्मांनी दारातच हात धरला. "या, सुहरात्ता. न कळवता? तबकात काही राहिलं होतं का?" आणि आपल्याच विनोदावर हसल्या. सुहरानं पाहिलं, बाई सुटल्यात जरा, गालही भरलेत. लग्नाचा आनंद मानवलाय, तिला वाटलं.

फिदानं बिनदुधाचा सुलैमानी चहा आणला. सुहरानं पेला हातात घेतला नाही. "बिय्युत्ता, आधी ऐका, मग चहा द्यायचा की नाही ते ठरवा," म्हणाली आणि सगळं सांगून टाकलं. न थांबता, न रडता. शेवटी फिदाकडं वळली. "पोरी, तू किती दिवस लावलीस?"

"मी? मी नाही लावली," फिदा म्हणाली. "माझ्या तोंडावर आधीच पुटकुळ्या. मी उम्माला दिली."

 बिय्युम्मांनी डोक्यावरचं कापड पुढं ओढलं. आता सुहरानं नीट पाहिलं. चेहरा मानेपेक्षा उजळ होता, आणि ते भरलेले गाल आनंदाचे नव्हते.

"तुम्ही कशाला हो, बिय्युत्ता?" तिच्या तोंडून निघून गेलं. "मुलाचं लग्न काढलंत तुम्ही आता."

"म्हणूनच," बिय्युम्मा म्हणाल्या. त्या फिदाकडं बघत नव्हत्या. "माझ्या लग्नात सासूनं मला मागच्या खोलीत बसवलं. बायका बघायला आल्या तर म्हणायची, पोरीचं डोकं दुखतंय. तेव्हाच ठरवलं होतं, माझी सून चारचौघींत मिरवण्यासारखी आणीन. आणली. तुमची पोर बघितली आणि घरी येऊन आरसा बघितला. म्हटलं, हिच्या शेजारी मला उभं राहायचंय. मला परत मागच्या खोलीत नाही बसायचं."

सुहरानं रिक्षात बसून माफीची किती वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आता उपयोगाचं नव्हतं. 

"ती तशी नाहीच हो," ती म्हणाली. "माझ्या रंगाची आहे. अगदी माझ्या."

बिय्युम्मांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं. इतक्या वेळा भेटूनही इतकं निरखून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. मग आपला सुजलेला हात त्यांनी सुहराच्या हाताशेजारी ठेवला.

"म्हणजे माझ्याच रंगाची की," त्या म्हणाल्या. "चहा प्या, निवतोय. आणि दवाखान्यात माझंही नाव घाला. पोरीबरोबर मीही येते."