घनश्यामची पाळी

"जो आला नाही त्याची पाळी राखू नोको, पोरी," सासूबाई म्हणाल्या होत्या. "पान मेलेल्याचं वाढतेत. जित्याचं नाही." मी हसले. कॉलेजात शिकलेली मी; असल्या गोष्टी मागे टाकूनच तर आम्ही चर्चमध्ये आलो होतो.

सानगडीच्या आमच्या घरी दिवेलागणीला प्रार्थना असते. चटईवर गोल बसायचं आणि पाळीपाळीनं एकेक वचन पाठ म्हणायचं. आधी मी, मग माझी पाच वर्षांची सलोमी, मग हे. सासूबाई शेवटी फक्त आमेन म्हणतात.

माझा धाकटा भाऊ घनश्याम आसगावला शेतावर एकटा राहतो. बाप्तिस्मा माझ्याबरोबरच घेतला होता त्यानं, पण पुढे चर्च सुटलं, प्रार्थनाही सुटली. एक वचन धड येत नव्हतं. त्याचा विश्वास वाढावा म्हणून त्र्याऐंशीच्या जूनपासून मी सलोमीनंतर त्याची पाळी ठेवली. त्याचं नाव घ्यायचं, क्षणभर थांबायचं, मग यांनी पुढचं वचन म्हणायचं.

"शिकलेल्या बाया देवाले बी हजेरी घेवाले लावतेत," सासूबाई पुटपुटल्या.

सुरुवातीला आम्ही एका श्वासाएवढं थांबायचो. पोळ्यानंतर माझ्या लक्षात आलं, थांबणं लांबत चाललंय.

"आज इतका उशीर काहून केला?" मी यांना विचारलं.

"त्याचं संपन तेव्हा ना," हे सहज बोलून गेले, आणि मग माझ्याकडे बघतच राहिले.

मी घड्याळ समोर ठेवू लागले. अर्धं मिनिट. दसऱ्याला दोन. तेवढ्या वेळात आमच्यापैकी कोणाच्याच तोंडून शब्द फुटत नसे. दिवाळीत तर एक अख्खं स्तोत्र म्हणून होईल इतका वेळ गेला. भीती वाटली. खरं सांगते, आनंदही झाला. माझा भाऊ वाढत होता.

मग त्याचं पत्र आलं. 'ताई, रोज दिवे लागले का कोणी माझं नाव घेते. आवाज तुझाच आहे. मग मी जिथं असन तिथं बसतो, तोंड आपोआप चालते. उठतो तर अंगात जीव नसते. धान उभंच आहे, कापणं होत नाही. आता पुरे कर.'

मी पुरे केलं नाही. नाताळापर्यंत चालू दे, म्हटलं. इतका पुढे आलाय.

परवा त्याचं नाव घेतलं, आणि यांनी लगेच पुढचं वचन म्हटलं. मध्ये काहीच नव्हतं. सासूबाई उठून आत गेल्या.

तार केली, उत्तर नाही. सलोमीला गोवर निघालाय, यांना दवाखान्यातल्या नोकरीतून सुट्टी मिळत नाही. तुम्ही पवनीकडे जाणार असाल तर आसगावला उतरा. तळ्यामागचं शेवटचं शेत त्याचं. झोपडीचं दार वाजवा, तो उठून येतो का बघा. पण नावानं हाक मारू नका.