कॅल्डरबीचा बैल

सुहासिनी आसगावकरने सूड घ्यायचं ठरवलं तेव्हा ती नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या ऑफिसात कॉफी मशीनपुढे उभी होती आणि मागे दोन नवे इंजिनिअर 'कॅल्डरबी क्लॅम्प'चं कौतुक करत होते. चिपच्या यंत्रातलं भिंग जराही थरथरू न देता धरून ठेवणारी ती पकड सुहासिनीनं तयार केली होती, तीही दिवस गेलेले असताना, ओकाऱ्या काढत. नाव मात्र लागलं तिच्या इंग्रज बॉसचं, ग्रॅहम कॅल्डरबीचं. तिनं जाब विचारला तेव्हा तो गोड हसून म्हणाला होता, "आसगावकर फार लांब आहे, कोणाच्या तोंडात बसणार नाही. आमचं बघ, आठशे वर्षं टिकलंय."

ते टिकणं सगळ्या मजल्याला पाठ होतं. यॉर्कशरमध्ये कॅल्डरबी नावाचं गाव, गावावरून आडनाव, म्हणजे गाव मुळात यांचंच. स्वारी तिथे एकदाही गेली नव्हती, पण गावाचा नकाशा फ्रेम करून खुर्चीमागे लावला होता. तो दिसला की सुहासिनीच्या तळपायाची आग मस्तकात जायची.

"सोड ना आता," तिचा नवरा अंबरीश म्हणाला. "माणूसच चिल्लर आहे."

"म्हणूनच सोडणार नाही."

एक गोष्ट तिला ग्रॅहमपेक्षा चांगली ठाऊक होती. आडनावाच्या शेवटी 'कर' असलेल्या कुठल्याही घरात ती न शिकवता कळते. आसगावात कोणी आसगावकर नाही. तिथे तिची माणसं जोशी. पणजोबा पुण्यात आले, लोकांनी कुठले म्हणून विचारलं आणि आसगावकर करून टाकलं. गाव सोडतो त्याला गावाचं नाव चिकटतं. राहतो त्याला ते कशाला लागतंय? इंग्रज झाला म्हणून काय वेगळं असणार?

मे महिन्यात ग्रॅहमला पन्नास वर्षं पूर्ण होत होती. इकडे पुरुषाची पन्नाशी म्हणजे अब्राहम: दारात पेंढा भरलेला म्हातारा बाहुला बसवतात, सगळ्या गल्लीला वय कळतं. त्याच्या डच बायकोनं, इन्ग्रिडनं, ऑफिसातल्या मंडळींना विचारलं, सरप्राइझ काय देऊ या? सुहासिनी लगेच म्हणाली, "त्याच्या गावचं माणूस आणू या." इन्ग्रिडनं तिला मिठीच मारली. सुहासिनीला क्षणभर वाईट वाटलं. क्षणभरच.

कॅल्डरबीच्या चर्चला फोन लावला तर मार्जोरी सापडली. घंटा वाजवणारी, सत्तरीची, बोलघेवडी बाई. तिनं जे सांगितलं ते ऐकून सुहासिनीनं त्या दिवशी घरी क्वार्क, म्हणजे इथलं घट्ट दही, टांगून श्रीखंड केलं. अंबरीशनं कारण विचारलं नाही, वाटी तेवढी पुढे केली.

वाढदिवसाला सगळे ग्रॅहमच्या घरी इथल्या रीतीप्रमाणे गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसले. प्रत्येकाला केकचा एकेक तुकडा मिळाला आणि उरलेल्या केकवर झाकण पडलं. दुसरा तुकडा मागायचा नसतो, हे इथे आलेल्या प्रत्येक मराठी माणसाला पहिल्याच वर्षी उपाशीपोटी कळतं.

मार्जोरी आत आली, कुठून आली ते सांगितलं, आणि ग्रॅहमचे डोळे भरून आले. "गावात आमची किती घरं उरलीत?" त्यानं विचारलं.

"एकही नाही," मार्जोरी म्हणाली. "कधी नव्हतंच. गावात राहिलेला लोहार असतो, गवळी असतो. कॅल्डरबी म्हणजे गाव सोडून गेलेला." मग ती खुर्चीत सरसावून बसली. "पहिला गेला ना, त्याची गोष्ट आम्ही अजून सांगतो. शेजाऱ्याचा बैल घेऊन पळाला. पुढच्या गावात विचारलं, कुठला रे तू? म्हणाला, कॅल्डरबीचा. आणि बैल कोणाचा? म्हणाला, माझाच."

सगळे खो खो हसले. लाज राखायला ग्रॅहमही हसला, सगळ्यांत मोठ्यानं. सुहासिनीनं तो हशा पूर्ण ओसरू दिला. याचीच ती वाट पाहत होती.

"म्हणजे सवय घराण्यातलीच," ती स्वच्छ आवाजात म्हणाली. "माझी क्लॅम्पही अशीच गेली."

विभागप्रमुख मारिकेनं काटा बशीत ठेवला. डच माणूस आडपडदा ठेवत नाही. "क्लॅम्प तुझी आहे?"

"पहिल्या ड्रॉइंगपासून. त्यालाच विचार."

सगळे ग्रॅहमकडे वळले. मार्जोरीही वळली, आणि तिच्यासमोर त्याला खोटं बोलवेना. "कल्पना तिची होती," तो पुटपुटला. "नाव जरा लांब होतं, म्हणून..."

"सोमवारपासून तेच लागेल," मारिके म्हणाली. "काय नाव आहे?"

"सुहासिनी सांगेल."

"नाही," सुहासिनी म्हणाली. "तूच सांग."

"आस... आसगौका."

"पुन्हा."

इन्ग्रिड मान खाली घालून बसली होती. सुहासिनीला ते दिसलं, तरी ती थांबली नाही.

"आसगावका."

"शेवटचा र राहिला. पुन्हा."

"आसगावकर," ग्रॅहम म्हणाला.

खोटं कशाला बोला, तिला फार बरं वाटलं. ती उठली, टेबलाशी गेली, केकवरचं झाकण काढलं आणि कोणालाही न विचारता दुसरा तुकडा कापून घेतला.