धुतलेले दगड

आईने बाबांचे दगड घासले ते चांगल्या मनानेच. बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता. त्यांचा विद्यार्थी दगड न्यायला येणार होता, आणि मळकी वस्तू कुणाच्या हातात द्यायची नाही, ही आईची शिस्त. मी खाली आले तेव्हा दगड टॉवेलवर वाळत होते. एकावरही नंबर नव्हता.

“नंबर कुठे गेले?”

“निघाले की! तो पांढरा रंग काढता काढता माझी नखं गेली.”

उत्तर ध्रुवाजवळच्या समुद्रात बुडालेला, खंडाचा एक लहानसा तुकडा हा बाबांचा जन्मभराचा विषय. बाकीचे संशोधक म्हणत, तो त्या समुद्राच्या पूर्वेच्या किनाऱ्यापासून तुटला. बाबा म्हणत, पूर्वेचा किनारा आधीच दूर गेला होता. तुकडा पश्चिमेला चिकटून राहिला आणि जमीन फाकून समुद्र उघडण्याची जागा बदलल्यावर तिथूनही सुटला. पुरावा म्हणजे त्या बुडालेल्या तुकड्याच्या कड्यावरून जहाजाच्या जाळीने ओरबाडून आणलेले दगड. पण जाळीत तरंगत्या बर्फाने टाकलेले, कुठले कुठले दगडही येत. कोणता कड्याचा, कोणता बर्फाचा, हे बाबा जहाजावरच ठरवत आणि तसा नंबर रंगवत.

विद्यार्थ्याने, ज्याला मी दादा म्हणायचे, त्याने टॉवेलकडे पाहिलं आणि खुर्चीत बसला. “काकू, फार स्वच्छ झालेत.”

“झालेत ना? दार मिटू नये म्हणून लावायचा दगड होता, तोही घासून टाकला.”

“तो यातला कुठला?”

आईने दोन दगड उचलले, खाली ठेवले. “एकसारखेच दिसतात मेले.”

दादा माझ्याकडे वळला. “तू त्यांच्याजवळ बसायचीस. काही ओळखता येतंय?”

गोटे बर्फाचे, ताज्या तुटलेल्या धारांचे दगड कड्याचे, एवढं मला माहीत होतं. पण यातले कितीतरी बाबांनीही हातोडीने फोडले होते. ते दगडाला जीभ लावून बघत. मीही लावली. धुण्याच्या सोड्याची चव आली.

“अंदाजाने लिहू या,” दादा हळूच म्हणाला. “कोण विचारतंय?”

“बाबा ओरडले असते.”

“सर आता ओरडत नाहीत,” तो म्हणाला.

मी निवडायला लागले. तांबूस एका बाजूला, करडे दुसऱ्या. बऱ्याच वेळाने लक्षात आलं की पश्चिमेला तसले तांबूस खडक आहेत, म्हणून मी त्यांनाच कड्याचे ठरवत होते. मी ढीग मोडला.

“ठिकाण माहीत नाही, असं लिहा. सगळ्यांवर.”

“मग यांनी काहीच सिद्ध होणार नाही.”

“हो.”

“म्हणजे तुझे बाबा चुकले?” आईने विचारलं.

“माहीत नाही, आई.”

“म्हणजे बरोबर होते?”

आईने जुनी वर्तमानपत्रं आणली आणि एकेक दगड गुंडाळायला घेतला. जे अजून ओले होते, ते तिने बाजूला ठेवले.