उंबऱ्यात आडवी

राजेश्वरीचा विळा मधेच थांबला. आम्ही दोघी त्यांच्या रानात कांद्याची पात कापत बसलो होतो. तिनं मागं वळून लिंबाखाली पाहिलं. बाज तिथंच होती, बाजेवर तात्याचं उपरणं होतं, तात्या नव्हता.

“आक्का, तात्या कुठं गेलं?”

मला काय माहीत. माझी नजर आता बांधापलीकडं पोचत नाही. राजेश्वरीनं विळा टाकला आणि ती थेट पाटाकडं पळत सुटली. तिचा सासरा नजर चुकवून निघाला की पाटाकडंच जायचा, शोधायची गरज नसायची. मी गुडघे धरत मागून गेले. चैताचं ऊन असं की ढेकळं पायाखाली खापरासारखी मोडत होती.

तात्या कोरड्या पाटाच्या तळाशी उभा होता. खांद्यावर फावडं. धोतर मांड्यांपर्यंत ओलं झालेलं, आणि पाटात तर थेंब नव्हता.

“तात्या, वर या,” राजेश्वरी म्हणाली.

“पानी सुटलंय. आपली पाळी हाय. तू बाजूला हो.”

“पाट कोरडा हाय तात्या. बघा की खाली.”

“तू कोन मला सांगनारी?”

“राजेश्वरी. तुमची सून.”

“माझी सून घरात हाय. लई गुनाची हाय. तू लोकाची बाई, लोकाच्या रानात काय करती?”

राजेश्वरी खाली उतरली. त्याचा हात धरून, मागून कमरेला रेटा देत तिनं त्याला वर आणलं आणि पदरानं त्याचे पाय पुसले. मग माझ्याकडं बघून म्हणाली, “आक्का, ती घरातली गुनाची सून मला एकदा दाखवा. तिला म्हनते, ये बाई, आता तू कर थोडे दिस.”

मी हसले. तीही हसली.

तेवढ्यात पाणी सोडणारा पाटकरी मोटारसायकलवरून पाटाच्या भरावरनं चालला होता. गाडी न थांबवताच ओरडला, “सोमवारी पानी सुटतंय. म्हाताऱ्याला जपा. औंदा पाट काठोकाठ वाहनार हाय.”

त्याचा धुरळा खाली बसेपर्यंत राजेश्वरी तिथंच उभी राहिली.

तात्या म्हणजे पुंजाराम. मी लग्न होऊन या वस्तीवर आले तेव्हा वस्तीच्या पाण्याची पाळी तोच लावायचा. त्याच्या खांद्यावरचं फावडं दिसल्याशिवाय माझा दिवस उजाडायचा नाही. कुणाचं रान आधी भिजणार, कुणाचं मागून, यावरनं इतर वस्त्यांवर डोकी फुटायची. आमच्याकडं पुंजारामनं सांगितलं की विषय संपायचा. आता तो माणसं विसरला, बायको वारलेली विसरला, जेवलेलं विसरला. पाण्याची पाळी तेवढी डोक्यात राहिली.

“मी काय करू आक्का?” घराकडं येताना राजेश्वरी म्हणाली. “शेळीला पाला आनाय गेलं, परसाकडं गेलं, तेवढ्यात ह्यो मानूस पाटात. लोकं म्हनत्यात बांधून ठेव. ह्या मानसाला दाव्यानं बांधू? गोठ्यात?”

“दार बसव,” मी म्हणाले.

ती चालता चालता थांबली. मीही माझंच बोलणं ऐकून जरा दचकले.

आमची वस्ती शनिशिंगणापूरच्या शिवेला लागून आहे. देवाच्या राज्यात घराला चौकट असते, दार नसतं, ही इथली रीत. कुत्रं शिरू नये म्हणून अंधार पडल्यावर एक फळी टेकवायची, तेवढंच. ती फळी तात्या काखेत मारून बाजूला ठेवायचा आणि चालू लागायचा.

दार माझ्याकडं होतं. माझ्या थोरल्याच्या वेळी मी बाळंतीण असताना ओसरीवर साप निघाला. आमच्या घरच्यांनी, रंगनाथनी, कुठल्याशा मोडलेल्या चाळीतलं सागवानी दार आणून बसवलं. त्याच दिवशी पुंजाराम आला. भांडला नाही. ओसरीवर बसून म्हणाला, “रंगनाथ, देव राखन करतोय, तू त्याच्या तोंडावर कडी घालतो व्हय?” आणि त्यानंच पेचकस मागून घेऊन बिजागऱ्या सोडवल्या. मला फार राग आला होता. पण तो सबंध उन्हाळा पुंजाराम दिवस कलला की यायचा आणि आमच्या उंबऱ्याशी काठी घेऊन बसायचा. मी बाळाला घेऊन निजेपर्यंत उठायचा नाही. दार तेव्हापासून माझ्या गोठ्यात कडब्याखाली पडून होतं.

राजेश्वरीचा नवरा ज्ञानेश्वर ट्रॅक्टरवर असतो, लोकांचा माल वाहतो, आठवड्यातून एकदा घरी येतो. मोजकं बोलणारा माणूस. त्यानं ते दार धुतलं, रंधा मारला आणि बाहेरून कडी लावून बसवलं. मग शिंगणापूरच्या दिशेला तोंड करून हात जोडले. “देवा, चोरासाठी न्हाई लावलं. बापासाठी लावलंय.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्याला न्याहारी देऊन राजेश्वरीनं कडी घातली आणि आम्ही धुणं घेऊन हौदावर बसलो. तिनं पाठ टेकवली, डोळे मिटले. तेवढ्यात अंगणात पांढरी गाडी येऊन थांबली. तात्याचा थोरला मुलगा काकासाहेब. नगरला सावेडीत राहतो, हापिसात आहे. त्यानं दार पाहिलं आणि चप्पलही काढली नाही.

“हे काय केलंत? ज्या माणसानं वस्तीत कुणाला दार लावू दिलं नाही, त्याच्या घराला दार?”

“उद्या पाटाला पानी येतंय भाऊजी,” राजेश्वरी म्हणाली.

“म्हणून रीत मोडायची? लोक काय म्हणतील?”

“लोकं पाटावर राखन बसनारेत का?”

“देवाचं तरी भय ठेव.”

“तुमच्या सावेडीच्या घराला दोन दारं हाईत. एक लाकडाचं, एक लोखंडी जाळीचं. तिथं देव रागावला न्हाई का? तिथं न्या तात्यांना.”

“नेलं नव्हतं का? दिवसरात्र दार वाजवत बसले. खालच्या मजल्यावरची माणसं वर आली. आमच्या पोरीची, मोनिकाची परीक्षा होती.”

“झाली का परीक्षा?”

काकासाहेब माझ्याकडं वळला. “आक्का, तुम्ही मोठ्या. तुम्ही तरी सांगायचं.”

“दार माझंच हाय बाबा,” मी म्हणाले.

हे बोलणं चाललं असताना घरातून धप, धप असा आवाज येत होता. मला वाटलं तात्या फावडं आपटतोय. ज्ञानेश्वर गोठ्यातून पळत आला आणि त्यानं कडी काढली.

तात्या दाराला नाक लावून उभा होता. कपाळ फुटलेलं, रक्त मिशीपर्यंत आलेलं. त्यानं दार ढकललं नव्हतं, हाकही मारली नव्हती. जिथून तो जन्मभर उजेडात गेला, तिथं भिंत उभी राहिलेली त्यानं कधी पाहिली नव्हती. आधी हातानं चाचपलं असेल. वाट सापडली नाही, तेव्हा कपाळानं.

तो राजेश्वरीला म्हणाला, “बाई, मला कुनीतरी भिंतीत चिनलं हुतं.”

राजेश्वरीनं हळद दाबली, चिंधी बांधली. त्याला बाजेवर बसवून पाणी पाजलं. मग नवऱ्याकडून पेचकस मागून घेतला आणि म्हणाली, “धरा खालून.” तिनं स्वतःच बिजागऱ्या सोडवल्या.

“बरं झालं,” काकासाहेब म्हणाला. “देवानंच बुद्धी दिली.”

जेवण करून, कांद्याची गोणी डिकीत टाकून काकासाहेब ऊन उतरायच्या आत निघाला. दार पुन्हा माझ्या कडब्याखाली आलं.

सोमवारी पाणी सुटलं. गढूळ, फेसाळ, काटक्या, बाटल्या आणि चपला वाहून आणणारं. त्याचा आवाज घरात ऐकू यायचा आणि आवाज ऐकला की तात्या उठायचा. राजेश्वरीनं त्याला किती वेळा भरावरून माघारी आणलं ते तिलाच माहीत. एकदा तर तो गुडघाभर पाण्यात गेला होता.

दोनतीन दिवसांनी भर दुपारी मी ताक घेऊन त्यांच्याकडं गेले. राजेश्वरी चौकटीत आडवी पडली होती. शेजारी अर्धी भाकर, तिच्यावर माश्या. बसल्या जागी झोपेनं आडवी झाली असावी. आणि आत, तिच्या पोटाशी, तात्या फावडं घेऊन उभा. आता हा जाणार, असं वाटून मी ताक खाली ठेवलं.

त्यानं एक पाय उचलला आणि पुन्हा खाली ठेवला.

“उठ गं बाई,” तो म्हणाला. “निजल्या मानसाला वलांडू न्हाई. उठ. पानी वाया चाललंय.”

आम्ही पोरांना हेच सांगत आलो. निजलेल्याला ओलांडू नये, त्याला पीडा होते. चुकून ओलांडलंस तर त्याच पायानं माघारी ये. सगळं पुसून गेलेल्या त्या डोक्यात एवढं राहिलं होतं.

तेव्हापासून राजेश्वरी उंबऱ्यात आडवी. बसून चालायचं नाही. बसली की तो कडेनं निघायचा. निजूनच ती मेथी निवडायची, शेंगा फोडायची, मोबाईलवर नवऱ्याशी बोलायची. उठायचं ते कुणी येऊन त्याच्याजवळ बसलं तर. अंगावरून मुंग्या जायच्या. डाव्या कुशीला चौकटीचं लाकूड रुतून काळा वळ उठला. पाटाचं पाणी बंद झालं तरी तिला उठता आलं नाही, कारण तात्याच्या कानातलं पाणी वाहतच होतं.

वैशाखात तिला राजूरहून फोन आला. माहेरी आई अंथरुणाला खिळली होती. फोन ठेवून ती नुसती वर आढ्याकडं बघत पडली.

“जा तू,” मी म्हणाले. “उद्याच्याला ये. दिवसा मी निजते, संध्याकाळी ज्ञानेश्वर येतोय, आज त्याचा घरी यायचा वार हाय.”

“तुमच्यानं व्हायचं न्हाई आक्का.”

“निजायचंच हाय की. म्हातारीला दुसरं काय येतं?”

मी त्या उंबऱ्यात निजले तेव्हा मला कळलं. दगड गार, पण हाडाला लागतो. वाऱ्यानं धूळ डोळ्यांत येते. आणि तात्याचे पाय माझ्या डोळ्यांपाशी. भेगाळलेले, पण नखं कापलेली, टाचेला तेल लावलेलं.

“उठा बाई. पानी वाया चाललंय.”

“जाऊ द्या.”

“तुमच्याच रानाची पाळी हाय.”

“राहू द्या कोरडं.”

तो बराच वेळ उभा राहिला. मग खाली बसला, फावडं मांडीवर घेतलं आणि वाकून हळूच म्हणाला, “साप निघालाय का?”

“व्हय,” मी म्हणाले.

“मग निजा. मी बसलोय.”

दिवस कलेपर्यंत तो तसाच बसून राहिला. मी त्याच्याकडं पाठ केली, डोळे पुसायला.

दुसऱ्या दिवशी राजेश्वरी परत आली. मी तिला ही युक्ती सांगितली. तिनं करून पाहिली. “तात्या, साप निघालाय,” म्हणाली. तर तो म्हणाला, “मग मार की. हातात काय बांगड्या भरल्यात?”

“आईनं वळखलं का गं?” मी विचारलं.

“न्हाई.” ती पिशवी ठेवून उंबऱ्यात आडवी झाली. “मला म्हनली, तू लोकाची बाई, लांबून आलीस, जेवून जा.”

परवा शनिवारी काकासाहेब हापिसातली मंडळी घेऊन देवदर्शनाला आला होता. दर्शन झाल्यावर सगळ्यांना वस्तीवर घेऊन आला. अंगणात उभा राहून हात करून दाखवत होता, “बघा, आमच्या वडिलांचं घर. अजून दार नाही. वडिलांचा शब्द आम्ही मोडला नाही.”

मंडळींनी माना डोलावल्या. एकानं मोबाईल काढला, दोन पावलं पुढं आला आणि मग अवघडून थांबला. आत तात्या फावडं घेऊन उभा होता.

“ताई, जरा बाजूला होता का? चौकट पूर्ण येत नाही.”

राजेश्वरीनं हाताची उशी बदलली.

“व्हता येत न्हाई दादा,” ती म्हणाली. “आसाच काढा.”