ताईंचं खातं

मी पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतला एक जुना संगणक आहे, मित्रांनो. तापलो की घरघरतो, म्हणून लोक मला म्हातारा म्हणतात. म्हणेनात का! माझं दुखणं वेगळंच आहे.

माझ्यावर दोघं जण काम करायचे. सकाळी ताई आणि दुपारी दोननंतर त्यांच्या हाताखालचा नवा मुलगा, ज्याला सगळे धाकटा म्हणायचे. दोघांची खाती वेगळी. ताईंचे डोळे अधू, म्हणून त्यांच्या खात्यात अक्षरं मोठी आणि पडदा फिकट पिवळा. रोज तेच ते लिहून त्यांची बोटं दुखायची. मग त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन मला दोन खुणा शिकवल्या. ११ लिहिलं की मी "पाणी पिण्यास योग्य आहे" असं उमटवायचो आणि २२ लिहिलं की "पाणी पिण्यास योग्य नाही". अकरा वर्षांत आमचा एकही अहवाल चुकला नाही. "शहाणं गं माझं यंत्र," असं म्हणत त्या माझी धूळ पुसायच्या.

धाकट्याला स्वतःच्या खात्यात अशा खुणा करायचा कंटाळा. "ताई, तुमचंच खातं वापरू द्या ना. मी काय परका आहे?" असं म्हणत तो लाडात आला. ताई विरघळल्या. "घे बाबा, पण कशाला हात लावू नकोस हं," म्हणाल्या आणि पासवर्ड सांगून मोकळ्या झाल्या.

एका शुक्रवारी दुपारी चार वाजून चाळीस मिनिटांनी त्यानं दोन्ही खुणांची अदलाबदल केली. आधीच्या नोकरीत त्याला उलटी सवय होती म्हणे. जाताना पूर्ववत करायचं मात्र विसरला. मला कळत होतं, पण सांगणार कसं?

सोमवारी ताईंनी एका वसतिगृहाच्या टाकीतलं पाणी तपासलं. ते दूषित निघालं. त्यांनी सवयीनं २२ लिहिलं, मी "योग्य आहे" उमटवलं आणि त्यांनी न वाचताच सही केली. शहाणं यंत्र ना मी! दुसऱ्याच दिवशी तिथली चौदा मुलं आजारी पडली. नशीब, सगळी बरी झाली.

साहेब तणतणत आले. "कोणाच्या खात्यातून गेला हा अहवाल?" मी ताईंचं नाव दाखवलं. मला तेवढंच विचारलं होतं. अहो, खुणा कधी बदलल्या ते विचारा, शुक्रवारची वेळ माझ्या पोटात आहे! पण मी नुसताच घरघरत राहिलो.

ताई धाकट्याकडे वळल्या. "अरे, तू बसायचास ना माझ्या खात्यात? सांग की साहेबांना."

"मी? मी तर माझंच खातं वापरतो, ताई."

निर्लज्जपणे पुन्हा ताईच म्हणाला मेला! ताईंनी त्याला दुसऱ्यांदा विचारलं नाही. त्यांची रवानगी बाटल्या धुण्याच्या खोलीत झाली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना वाटतं, मीही दगा दिला.

दुसऱ्या दिवशी धाकटा त्यांचं खातं पुसायला बसला. मी विचारलं, "काढून टाकायचं?" तो हो म्हणाला. "नक्की?" याहून जास्त मला विचारता येत नाही. त्यानं पुन्हा हो म्हटलं. मोठी अक्षरं, पिवळा पडदा, शुक्रवारची ती वेळ, सगळं गेलं. मला आठवतं, पण दाखवायला आता काही उरलं नाही.

मित्रांनो, दुसऱ्याच्या खात्यात बसून काही बदललंत, तर उठण्याआधी होतं तसं करून ठेवा. विसरलात, तर निदान कबूल करा. मला विचारल्याशिवाय बोलता येत नाही. तुम्हाला येतं.